एक पायरी वर

लाट कोर्टाच्या सातव्या पायरीपर्यंत आली होती.
तिथं अजून काळपट रेघ आहे,
मासळीच्या पेंडीसारखा वास येणारी.
त्याच्या वर आम्ही :
जनरेटरवरचा एक दिवा,
मी, एर्मिनिया कायुपान, टंकलेखक,
आणि चिखलातून निघालेलं एकच कायद्याचं पुस्तक,
उन्हात वाळून फुगलेलं, पावासारखं.

कलम असं आहे :
चोरीला एरवी जी शिक्षा,
ती भूकंप, पूर, वणवा, लाट असताना
एक पायरी वर.
न्यायाधीश फुएन्सालिदा हे रोज म्हणतात
घसा खाकरून, गुडघा दुखणाऱ्या माणसानं जिना चढावा तसं,
आणि मी टाइप करते, एक पायरी वर, एक पायरी वर.
यंत्रात रेती आहे. र अडकतो.

माझी आई याच पायऱ्या पुसायची.
आमच्यासारख्यांनी आपली पायरी ओळखून राहावं, म्हणायची,
आणि फडकं पिळायची.

क्रमांक अकरा. लिसांद्रो, वय एकोणीस, गोदीतला हमाल.
मुद्देमाल : टीव्ही एक, मोठा, रिमोट नाही.
अख्ख्या बंदरात वीज नव्हती त्या रात्री.
वकिलांनी विचारलं, काय बघणार होतास?
सगळे उचलत होते, तो म्हणाला.
मग जरा वेळानं,
काचेत आईचं तोंड दिसत होतं, म्हणून उपडा ठेवला.
हे नोंदवू का, मी विचारलं.
नको, साहेब म्हणाले.

क्रमांक बारा. यीस्टची चार पाकिटं.
पीठ आधीच कुणीतरी नेलं होतं.

क्रमांक तेरा. पोतंभर बूट, सगळे डाव्या पायाचे.
दुकानात मांडणीला डावेच ठेवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.
कोर्टात कुणीतरी हसलं. तेराही हसला.

मग साक्षीला दुकानदार, दोन बाल्दोमेरो,
बाहीवर अजून चिखल.
पीठ मी दिलंच असतं, म्हणाला,
तांदूळ, मेणबत्त्या, सगळं वहीत लिहून.
पण वजनकाटा नेला हो.
उधार तरी कशानं मोजून देऊ?
आणि भिंतीवरचा माझ्या पोरीचा फोटो नेला,
चौकट चांदीची होती.
चौकट घ्यायची होती ना, तर तोंड ठेवून जायचं.
तेव्हा कुणी हसलं नाही.
मी र दोनदा दाबला.

पाचव्या रात्री लष्कराच्या गाडीनं भोंग्यावर सांगितलं,
ज्यांनी नेलंय त्यांनी फुटबॉलच्या मैदानात आणून ठेवा,
नाव विचारणार नाही.
सकाळी गोलपोस्टमध्ये एक फ्रीज उभा,
बाबागाड्या, शिलाई मशीन,
अर्धी संपलेली तेलाची बाटली, झाकण घट्ट लावलेली.
वजनकाटा होता. काटा शून्यावर नव्हता.
फोटो नव्हता.

परत केलं तर शिक्षा किती उतरते?
मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक चाळलं.
त्या जागची वीसेक पानं एकमेकांना चिकटलीत.
सुरी घालावी तर फाटतात.

आणि माझ्या स्वयंपाकघरात, खुर्चीखाली,
पिठाची एक पिशवी.
तिसऱ्या रात्री शेजारणीनं कुंपणावरून दिली.
मी कुठून म्हणून विचारलं नाही.
न विचारण्याला कुठलं कलम लागतं
तेही बहुधा त्याच पानांत असेल.

निकाल :
पाच वर्षं आणि एक दिवस.
त्या एका दिवसानंच पायरी बदलते, वकिलांनी त्याच्या आईला समजावलं.
ती विचारत राहिली, एक दिवस कुठला?
सोमवार की कुठला?

लिसांद्रो सातव्या पायरीवर बसून होता, हातात बेड्या,
गाडीची वाट बघत.
मी त्याला डब्यातला पाव दिला.
चांगला फुगलाय, म्हणाला.
पीठ कुठं मिळालं?
खा, मी म्हटलं.
खाली समुद्र अगदी सपाट होता,
आणि गाडी यायला खूप उशीर झाला.